तिऱ्हाइताने का भोगावं? पाप आणि तारणाबद्दल एका निवृत्त पाळकाचं उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असा: एका ख्रिस्ती मुलीशी तुमचं लग्न ठरतंय. तिच्या घरच्यांबरोबर तुम्ही उत्तम शुक्रवारच्या उपासनेला बसलात, दुपारी बारा ते तीन, आणि बाहेर पडताना तीन शंका घेऊन आलात. पापं माणसांची आणि मरण येशूला, म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय कसा? कबूल केलं की माफ, असं असेल तर माणूस वाट्टेल ते करायला मोकळा नाही का? आणि कालचं जन्मलेलं बाळ पापी कसं? शेवटी एक ओळ आहे, ती तुम्ही जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहे: सासरे म्हणतात आधी बाप्तिस्मा, मग लग्न, वडील वारकरी आहेत, त्यांना काय सांगू?

मी 31 वर्षं नगर आणि बीडकडच्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होतो. प्रॉटेस्टंट. हे आधी सांगतो, कारण वसईच्या एखाद्या फादरांनी किंवा केरळच्या ऑर्थोडॉक्स अच्चनांनी उत्तर दिलं असतं तर काही ठिकाणी जोर वेगळा पडला असता. एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना लागू आहे. इ.स. 325 मध्ये नायसियाला जमलेल्या धर्मसभेने येशू 'आम्हा मनुष्यांसाठी आणि आमच्या तारणासाठी' आला एवढं ठरवलं. त्याच्या मरणाने हे तारण नेमकं कसं होतं, याचा एकच एक खुलासा त्या सभेने किंवा नंतरच्या कुठल्याही सर्वमान्य सभेने बांधून दिलेला नाही. तुम्ही त्या दुपारी जो खुलासा ऐकलात तो अनेकांतला एक होता. सांगणाऱ्याने तसं सांगितलं नसेल, ती आमच्या लोकांची जुनी खोड आहे.

आता पहिली शंका. तुमच्या डोळ्यांसमोर कोर्ट उभं आहे. न्यायाधीश, आरोपी, फाशीची शिक्षा, आणि मधेच कुणी निरपराध माणूस उठून म्हणतो, 'मला लटकवा.' न्यायाधीश म्हणतो, 'चालेल.' असा न्यायाधीश आपण दुसऱ्या दिवशी बडतर्फ करू, बरोबर आहे तुमचं. गंमत म्हणजे ही शंका बायबलमध्येच आहे. 'बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले' अशी इस्राएल लोकांत म्हण होती. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात ती म्हण बंदच करून टाकली. जो पाप करील तोच भोगील, मुलगा बापाचं भोगणार नाही आणि बाप मुलाचं. तेव्हा 'दुसऱ्याची शिक्षा तिसऱ्याला' हे शास्त्राला मंजूर आहे असं समजून आम्ही वधस्तंभाकडे, म्हणजे येशूच्या क्रुसाकडे, बघू लागलो, तर आमच्याच संदेष्ट्याच्या विरोधात जातो.

मग मार्ग काय? मला तो एका दागिन्यातून कळला.

माझ्या आजीच्या पाटल्या सावकाराकडे तारण होत्या. दुष्काळात धान्यासाठी ठेवलेल्या. व्याज चढत गेलं आणि पाटल्या जाणार हे घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. एका बाजाराच्या दिवशी तिचा भाऊ आला, सदऱ्याच्या खिशातून फडक्यात बांधलेल्या पाटल्या काढल्या आणि चुलीजवळ ठेवल्या. चहा घेतला आणि गेला. त्याने स्वतःचा एक बैल विकला होता हे आजीला महिन्याभराने कळलं, तेही दुसऱ्याकडून. त्या वर्षी त्याने शेजाऱ्याच्या बैलाशी जोड लावून नांगरट केली.

हे ऐकून गावात कुणी म्हटलं नाही की कर्ज बहिणीचं आणि भरलं भावाने, हा अन्याय झाला. भाऊ धावून आला, असंच म्हणाले. शिक्षा एकाची दुसऱ्याला देता येत नाही, पण कर्ज दुसऱ्याला फेडता येतं. आणि फेडणारा जेव्हा रक्ताचा असतो तेव्हा ते कुणाला विचित्रही वाटत नाही. आमच्या मराठी मंडळीत रोज तोंडी असलेला शब्द बघा: तारण. बँकेत सोनं ठेवतात तेही तारण आणि प्रभूने केलं तेही तारण. भाषेच्या दृष्टीने हे दोन वेगळे अर्थ असतील, पण मी उपदेशात ते मुद्दाम शेजारी बसवत आलो, कारण शास्त्रातलं मूळ चित्र याच्याच जवळचं आहे.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे: भाऊबंद गरीब होऊन जमीन विकून बसला, किंवा स्वतःलाच विकून गुलाम झाला, तर त्याला सोडवायचा हक्क आणि जबाबदारी जवळच्या नातलगाची. भाऊ, चुलता, चुलतभाऊ, असा क्रमच दिला आहे. हिब्रूत या सोडवणाऱ्याला गोएल म्हणतात. रूथच्या गोष्टीत असा एक नातलग जमीन सोडवायला आधी तयार होतो, पण बरोबर विधवा रूथचीही जबाबदारी येते म्हटल्यावर माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणून मागे सरतो आणि रीतीप्रमाणे वहाण काढून देतो. बवाज पुढे होतो. म्हणजे सोडवण्याला किंमत पडते, आणि ती सोडवणाऱ्याच्या घरातून जाते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. त्याच शब्दाने पुढे यशया देवाला हाक मारतो: इस्राएलचा गोएल. देवाला नातलग म्हणायचं म्हणजे काय धाडस आहे ते बघा.

तुमच्या शंकेची गाठ मला इथे सुटताना दिसते. येशूला तिऱ्हाईत धरलं तर सगळाच अन्याय दिसतो. पण ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं दुहेरी आहे. तो माणूस झाला, म्हणजे आमचा भाऊबंद झाला, म्हणून त्याला सोडवण्याचा हक्क आला. आणि तो देवच आहे, म्हणजे ज्याला देणं होतं तोच स्वतः ते अंगावर घेतोय. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. कुणी तुमचे लाख रुपये बुडवले आणि तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात, तर ते लाख हवेत विरत नाहीत. ते तुमचे जातात. क्षमा करणारा तोटा सोसतोच; वधस्तंभ म्हणजे देवाने तो तोटा कुठे आणि कसा सोसला ते दाखवणारी जागा, असं मी समजतो. तुम्हाला हे मान्य व्हायलाच हवं असं नाही. येशू देव आहे हेच मान्य नसेल तर पुढचं सगळं कोसळतं, आणि ते प्रामाणिकपणे कोसळू द्यावं.

एक कबुली देऊन टाकतो. हे कर्जाचं चित्रही ताणलं की फाटतं. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आलो. जुन्या मराठीत हा शब्द ठीक होता. पण शब्बाथ शाळेत एका पोराने मला विचारलं, 'पाळकसाहेब, खंडणी तर गुंड मागतात. देवाने कुणाला दिली?' मी हसलो, पण हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या मोठमोठ्या ख्रिस्ती विद्वानांनीही विचारलेला आहे. ओरिगेनने म्हटलं, सैतानाला. नाझियांझच्या ग्रेगरीला ते सहन झालं नाही. लुटारूला देव मोबदला देईल ही कल्पनाच त्याने झिडकारली, आणि पित्यालाच दिली म्हणावं तर ज्याने आम्हाला कोंडलंच नव्हतं त्याला का, असंही विचारलं. पुढे 1098 च्या सुमारास अन्सेल्मने सरंजामशाहीच्या काळाला साजेसं मांडलं: देवाचा मान भंगला, त्याची भरपाई हवी. त्याच्यानंतर आबेलार म्हणाला, देवाचं प्रेम बघून माणसाचं मन पालटतं, हेच मुख्य. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक काल्विन आला, तो कायदा शिकलेला; त्याच्या हाती कोर्टाचं चित्र ठळक झालं, आणि तेच मिशनऱ्यांच्या बरोबर आमच्या नगरपर्यंत आलं. तुम्ही ऐकलंत ते हे. त्यात खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पौलाच्या पत्रांत न्यायालयाची भाषा आहेच. पण तिथे गुलामाची सुटका आहे, यज्ञ आहे, भांडलेल्यांचा समेट आहे, मरणावरचा विजय आहे. एकाच चित्राला सगळं ओझं उचलायला लावलं की ते मोडतं आणि ऐकणारा तुमच्यासारखा अस्वस्थ होऊन बाहेर पडतो.

दुसऱ्या शंकेकडे येतो, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या आयुष्यातली निम्मी डोकेदुखी इथली आहे.

'कबूल केलं की माफ' हे बाहेरून जितकं सोपं दिसतं तितकंच आतल्या काही लोकांनाही सोपं वाटतं. आमच्या मंडळीतल्या एका गृहस्थांनी पतसंस्थेचे पैसे खाल्ले होते. रक्कम सांगत नाही. उपासनेत उभे राहून, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी पापाची कबुली दिली. बायाबापड्या रडल्या. मीही हललो. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं, पैसे कधी देताय? ते म्हणाले, 'प्रभूने क्षमा केली ना? आता तो विषय कशाला?' मी म्हटलं, प्रभूचे पैसे तुम्ही खाल्ले नव्हते. ठेवी मोलकरणींच्या आणि ऊसतोड करणाऱ्यांच्या होत्या. पुढच्या महिन्यात त्यांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, देणं मी थांबवलं. त्यावरून मंडळीत दोन तट पडले आणि माझी बदली व्हावी म्हणून अर्ज गेला. (बदली झालीही, पण तिचं कारण दुसरं दाखवलं गेलं.)

मी मनाने काही नवीन काढलं नव्हतं. येशू स्वतःहून जक्कय जकातदाराच्या घरी उतरला तेव्हा जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला नाडलं असेल त्याला चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. क्रम नीट बघा. येशू आधी त्याच्या घरी गेला, म्हणजे स्वीकार आधी. पण स्वीकारानंतर थैली उघडली. डोंगरावरच्या प्रवचनात तर साफ सांगितलं आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. कॅथलिक मंडळींत पाद्रीपुढे पापनिवेदन करतात, गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. तिथेही चोरीचा माल परत करणं टळत नाही, आणि नियमाने वागणारे फादर ते सांगतातच.

शब्दच बघा. आपण पश्चात्ताप म्हणतो, म्हणजे मागाहून होणारा ताप, जळणं. हिब्रूतला शब्द आहे शूव, त्याचा साधा अर्थ परत फिरणं. चुकीच्या रस्त्याने गेलेला माणूस कितीही जळला तरी फिरला नाही तर मुक्कामाला पोचत नाही. पापासाठीचा शब्दही असाच साधा आहे: नेम चुकणं. शास्ते पुस्तकात बन्यामीन वंशातल्या 700 डावखुऱ्या गोफणवाल्यांचं वर्णन आहे, केसावर नेम धरला तरी चुकत नसत असे. तिथे 'चुकणे'साठी जे क्रियापद आहे तेच इतर ठिकाणी 'पाप करणे' म्हणून येतं. मला हे आवडतं, कारण नेम चुकला म्हणताना नेम होता हे गृहीत धरलेलं असतं.

कर्माचं काय, असं तुम्ही विचाराल. केल्याचे परिणाम क्षमेने पुसले जात नाहीत. दावीद राजाने उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, उचललं आणि उरीयाला लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर तो कोसळला, क्षमा झाली, पण त्याच्या घरातली तलवार शेवटपर्यंत हलली नाही. त्या गोष्टीत बथशेबेचं तान्हं मूल मरतं. ते मला आजही टोचतं. त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही आणि यहेज्केल वाचला की आणखीच टोचतं. तुमच्या वडिलांच्या कर्माच्या विचारात आणि आमच्यात फरक परिणाम आहेत की नाहीत हा नाही. तुटलेलं नातं कोण जोडतो, हा आहे. आम्ही म्हणतो ती पहिली हालचाल देवाकडून होते. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप लांबूनच पळत सुटतो, मुलाची पाठ केलेली माफी पुरी व्हायच्या आत. आणि वारकऱ्यांना हे परकं वाटेल असं मला वाटत नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल दोन्ही बाजूंनी चालता येतो, वडिलांशी बोलताना हे लक्षात ठेवा.

याच विषयाची एक दुसरी बाजू आहे. ती तुम्ही विचारली नाहीत, पण क्षमेबद्दल बोलणाऱ्या पाळकाने ती झाकून ठेवू नये. माझ्या सेवेच्या तिसऱ्या वर्षी एक बाई आली. नवरा मारायचा. आदल्या रात्री त्याने माफी मागितली होती, पाया पडला होता. मी तिला मत्तयाचा अठरावा अध्याय वाचून दाखवला: राजाने 10,000 टॅलंटचं कर्ज माफ केलेला चाकर, जो शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एक टॅलंट म्हणजे सुमारे 6,000 दीनार, हेही तिला समजावलं. 6 कोटी दिवसांची मजुरी सुटली, तू शंभर दिवसांची सोड. तिने सोडली. घरी गेली. चार महिन्यांनी तिला सरकारी दवाखान्यात बघायला गेलो तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि ती मला म्हणाली, 'साहेब, मी माफ केलं होतं हो.' मला दोष देत नव्हती. माझ्या शिकवणीत ती कुठे कमी पडली का, हे विचारत होती.

त्याच अध्यायात, त्या गोष्टीच्या थोडं आधी, अपराध करणाऱ्याला तोंडावर सांग, ऐकलं नाही तर साक्षीदार ने, तरीही नाही तर मंडळीपुढे ने, असं लिहिलं आहे. ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. तेव्हापासून माझी रीत बदलली. जो अपराधी म्हणून येतो त्याला परतफेडीबद्दल विचारतो. जो घायाळ म्हणून येतो त्याला क्षमेबद्दल बोलायची घाई करत नाही. राग सोडणं एक, आणि मारणाऱ्याच्या घरात परत जाऊन राहणं दुसरं. पहिल्याला वर्षं लागली तरी चालतं, दुसरं करायची सक्ती शास्त्रात कुठेही नाही. म्हणून 'ख्रिस्ती क्षमा म्हणजे काय' असं कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, विचारणारा कोणत्या बाजूला उभा आहे?

तिसरी शंका लवकर उरकतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर आदामाच्या अपराधाचा दोष असतो, ही 'मूळ पापा'ची मांडणी मुख्यतः ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताची, चौथ्या-पाचव्या शतकातली. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाचं लॅटिन भाषांतर त्याच्यासमोर होतं. त्यावरून त्याने 'ज्याच्यात सर्वांनी पाप केलं' असा अर्थ घेतला. ग्रीकमधून बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केलं' असा अर्थ काढतात. ऑर्थोडॉक्स मंडळी वारशाने मरण आणि दुबळेपणा येतो म्हणतात, दोष येतो असं म्हणत नाहीत. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे, असं 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानेही मांडलं. मी कितीतरी तान्ही बाळं पुरली आहेत. त्यांच्या आयांसमोर 'पापी' हा शब्द कधी उच्चारला नाही आणि त्याची मला खंत नाही.

पण त्या शिकवणीत एक खरं आहे, ते महाराष्ट्रातल्या माणसाला समजावं लागत नाही. आमचे बहुतेक पूर्वज गावकुसाबाहेरचे. गावात एक विहीर सवर्णांची आणि एक आमची. त्यांच्या घरात जन्मलेल्या बाळाने कुणाला पाणी नाकारलेलं नसतं, तरी ते जन्मतः त्या विहिरीच्या बाजूला असतं, आणि बोलायला लागेपर्यंत तिचे नियम शिकलेलं असतं. माणूस कोऱ्या पाटीवर जन्मत नाही, बिघडलेल्या घडीत जन्मतो, एवढंच मला मूळ पापातून घ्यायचं आहे. आणि आम्ही त्यातून सुटलो असंही समजू नका. प्रभुभोजनाची भाकर एका ताटातून घेणारे आमचे लोक सोयरीक ठरवताना आडून विचारतात, 'मूळचे कुठले?' तुम्हालाही कुणीतरी विचारेल.

राहिला बाप्तिस्मा. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न लागू शकतं, आणि 1954 चा विशेष विवाह कायदा आहेच, त्यात 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे कायद्याला तुमचा बाप्तिस्मा नको आहे. चर्चचे नियम मात्र वेगवेगळे: कॅथलिकांत बिशपांची खास परवानगी घेऊन असं लग्न लागतं, आमच्याकडे काही पाळक लावतात, काही नाही. तुमच्या सासऱ्यांच्या मंडळीत काय चालतं ते त्यांच्या पाळकांनाच विचारा, सासऱ्यांना नको.

माझ्याकडे लग्नासाठी बाप्तिस्मा मागायला आलेल्या मुलांना मी वर्षभर थांबायला सांगत असे. बहुतेक दुसऱ्या पाळकाकडे जात. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मागाहून कळला, त्या घराचं पुढे काय झालं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. आणि लक्ष्मीबाई काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. तुम्ही अजून तीन शंका घेऊन बसला आहात. सासऱ्यांना हे पान दाखवा हवं तर, आणि म्हणा, एका पाळकाने सांगितलंय की हा मुलगा सध्या तयार नाही.